खासगी वनजमीन : तिची नोंद, तिचा कर आणि देवस्थानास दान

॥ श्री ॥



अलीकडे संस्थानकडे जमीन अर्पण करण्याची इच्छा घेऊन येणाऱ्या भाविकांची संख्या वाढली आहे. पूर्वी असे दान बहुधा ओलिताच्या शेताचे किंवा संत्र्याच्या बागेतील एखाद्या तुकड्याचे असे. आता येणाऱ्या जमिनी वेगळ्या आहेत. डोंगराच्या उतारावरची बरड, तीस-चाळीस वर्षे नांगर न लागलेली, साग, धावडा, मोह आणि पळस यांनी आपोआप भरून गेलेली अशी ही जमीन असते. मुले नागपूरला किंवा पुण्याला स्थिरावलेली असतात आणि घरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना वाटते की ही झाडे देवाच्या नावाने राहिली तर निदान कुऱ्हाडीपासून वाचतील. ही भावना आम्हाला मनापासून पटते. मात्र त्यापाठोपाठ प्रश्न येतो तो असा : 'या जंगलावर कर किती लागतो, आणि देवाच्या नावावर गेल्यावर तो माफ होतो काय?'

या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. दुसरेही एक कारण आहे आणि ते सांगितले पाहिजे. अशाच एका दानाच्या वेळी विश्वस्त मंडळाकडून चूक झाली. जमीन मिळाली, नामांतरण झाले, तिच्यावर भक्तनिवास बांधण्याचा संकल्प सोडला, देणग्याही जमू लागल्या; आणि मग जुने कागद काढले तेव्हा त्या जमिनीचा अर्धाअधिक भाग १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात 'छोटे झाड का जंगल' म्हणून लिहिलेला निघाला. चालू खसऱ्यात मालकाचे नाव होते, तेवढे पाहून आम्ही थांबलो होतो. मागील पाने उलटली नव्हती. काम सुरू होण्याआधी लक्षात आले म्हणून निभावले.

ही नोंद कोठून आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपला सौंसर-पांढुर्णा हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. पुढे तो मध्यप्रांतात आला. तेथे मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा मालगुजाराने भरायचा आणि गावातील पडीक, गवताळ रान व जंगलही त्याच्याच ताब्यात असायचे. गावकऱ्यांना सरपण, चारा व घरबांधणीचे लाकूड नेण्याची मुभा असे; तिला निस्तार म्हणत. ३१ मार्च १९५१ रोजी मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा लागू झाला आणि मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. सीर व खुदकाश्त जमिनी मालकांकडे राहिल्या. गावदप्तरात ज्याच्या नावावर लावलेली अमराई नोंदलेली होती, ती त्याच्याकडे राहिली. सरकारजमा झालेल्या रानाच्या नोंदी 'बडे झाड का जंगल', 'छोटे झाड का जंगल', 'घास', 'चराई' अशा निरनिराळ्या नावांनी झाल्या. त्यांतील काही जमिनीचे पुढे पट्टे दिले गेले, काही मोजणीत इकडच्या तिकडे झाली. त्यामुळे आज कागदावर खासगी दिसणारी जमीन सत्तर वर्षांपूर्वी जंगल म्हणून लिहिलेली असणे हे आपल्याकडे अपवादाचे नाही.

देवस्थानांच्या माफी जमिनींबद्दलही एक गैरसमज आहे. 'देवाच्या जमिनीला सारा नसतो' असे आपले आजोबा सांगत, आणि त्यांच्या काळी ते बऱ्याच अंशी खरे होते. परंतु १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने साऱ्याच्या माफ्या रद्द करणारा कायदा केला, आणि धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या निर्वाहासाठी रोख अनुदान देण्याची सोय त्यात ठेवली. तेव्हा केवळ देवाचे नाव लागले म्हणून सारा सुटतो, असे आज कोणी समजू नये.

आता कराकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. शेजारचे नागपूर, अमरावती, वर्धा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. म्हणून आपल्याला लागू आहे ती मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९. नव्या पांढुर्णा जिल्ह्याची निर्मिती २०२३ साली झाली तरी कायदा तोच आहे. या संहितेनुसार सर्व जमीन मुळात शासनाची असून धारक हा भूमिस्वामी असतो, आणि कायद्याने सूट दिलेली नसेल तर प्रत्येक जमीन भू-राजस्वास पात्र असते. त्याची आकारणी जमिनीच्या वापरावरून होते. शेती, निवास, शिक्षण, व्यापार, उद्योग, खाणकाम असे वापर कायद्याने वेगळे केले आहेत. या यादीत 'खासगी वन' असे स्वतंत्र घर नाही. सगळी गुंतागुंत येथून सुरू होते.

मग झाडांनी भरलेली जमीन कोणत्या घरात बसवायची? संहितेने शेतीची जी व्याख्या दिली आहे तीत पिके, बागायत, फळबागा लावणे व राखणे हे तर येतेच. शिवाय चारा, चराई आणि छपराचे गवत यांसाठी जमीन राखून ठेवणे हेही येते. आपल्या बरडीवर झाडांखाली कुसळी व तिखाडी वाढते, मालक ते कापून नेतो किंवा गुरे सोडतो. अशी जमीन शेतीच्या आकारणीत राहते आणि तिचा सारा अगदी थोडा असतो. शिवाय संहितेच्या कलम १७९ प्रमाणे भूमिस्वामीच्या खात्यातील झाडे भूमिस्वामीचीच असतात. म्हणजे साग आपोआप उगवला म्हणून तो सरकारचा होत नाही, आणि जमीन शेतीतून बाहेरही पडत नाही.

येथपर्यंत सरळ आहे. परंतु कोणी सुचवतो की 'सरळ जंगल म्हणूनच लिहून घ्या, मग करच नको'. हा सल्ला आम्हाला दोनतीन वेळा मिळाला आहे, देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. तो मानू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. खसऱ्याच्या कैफियतीच्या रकान्यात जंगल हा शब्द एकदा आला की सारा वाचेल तो चार-दोन रुपयांचा, आणि त्या जमिनीवर एक विहिरीची खोली किंवा पाणपोई बांधायची तरी प्रश्न उभा राहील.

तो प्रश्न का उभा राहतो ते पाहा. वन (संरक्षण) कायदा २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की वन या शब्दाचा अर्थ कोशात आहे तोच घ्यायचा, आणि सरकारी नोंदीत वन म्हणून लिहिलेली जमीनही त्यात येते, मग मालकी कोणाचीही असो. अशा जमिनीचा वनेतर वापर करावयाचा तर केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे नाव बदलले आणि व्याख्या मर्यादित करण्याचा प्रयत्न झाला; तथापि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने १९९६ चा अर्थ पाळण्यास सांगितले. भक्तनिवास, वाहनतळ, प्रसादाची दुकाने हे सर्व वनेतर वापरच. देवाचे काम आहे म्हणून वेगळा नियम नाही.

उलट बाजूनेही चूक होते. काही जण बांधकामाच्या आशेने संपूर्ण जमिनीचा वापर आधीच बदलून टाकतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर हे सोपे झाले आहे. पूर्वी डायव्हर्शनची परवानगी घ्यावी लागे. आता भूमिस्वामी स्वतः हिशेब करून रक्कम भरतो आणि अनुविभागीय अधिकाऱ्यांना कळवतो. पण दहा एकर सागाच्या रानातील एका कोपऱ्यावर सभामंडप बांधायचा असताना दहाही एकर व्यापारी किंवा निवासी वापरात दाखवले, तर दहा एकरांवर नवा आकार बसतो. झाडे उभी, उत्पन्न शून्य, आणि कर मात्र दुकानाचा. जेवढ्या जागेवर बांधकाम तेवढीच जागा मोजून वेगळी करावी.

उत्पन्न नसलेल्या जंगलावर भरमसाट कर बसला तर काय, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी येऊन गेला आहे. त्रावणकोर-कोचीनच्या १९५५ च्या भूमिकर कायद्याने सर्व जमिनींवर सरसकट एकाच दराने, एकरी सुमारे दोन रुपये, कर लावला. पुढे तो केरळ राज्यातील मलबार भागासही लागू झाला. पालघाटकडील कुन्नथात थथुण्णी मूपिल नायर यांच्या मालकीचे मोठे खासगी वन होते. वनातून वर्षाला मिळे सुमारे ३,१०० रुपये, आणि कराची मागणी आली पन्नास हजार रुपयांहून अधिक. ९ डिसेंबर १९६० रोजी न्यायालयाने बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. सुपीक शेत आणि खडकाळ रान यांना एकाच मापाने मोजणे हीच विषमता आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. शिवाय आकारणीपूर्वी धारकाचे म्हणणे ऐकण्याची सोयही त्या कायद्यात नव्हती. हा निकाल आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण आपल्याकडील कोणत्याही आकारणीविरुद्ध हरकत घेताना मांडायचा मुद्दा हाच असतो : जमिनीचा प्रत्यक्ष वापर काय आणि तिच्यातून मिळते काय.

परदेशी असलेल्या भाविकांना हे वेगळ्या रूपात माहीत असेल. अमेरिकेत मालमत्ता कर जमिनीच्या बाजारभावावर बसतो, म्हणून शहराजवळचे खासगी वन राखणे मालकाला परवडेनासे होते. त्यावर विस्कॉन्सिन राज्याने १९८५ साली कायदा केला. मालकाने वनव्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, २५ किंवा ५० वर्षे वन राखण्याचे बंधन स्वीकारायचे आणि त्या बदल्यात नेहमीच्या मालमत्ता कराऐवजी कमी आकार भरायचा. मध्येच बाहेर पडल्यास दंड. आपल्याकडे कराशी जोडलेली अशी योजना नाही. आराखड्याची कल्पना मात्र मध्य प्रदेशात लोकवानिकी अधिनियम २००१ मध्ये आहे. खासगी वन किंवा झाडांनी आच्छादलेली जमीन असणारा भूमिस्वामी स्वेच्छेने व्यवस्थापन आराखडा तयार करून मंजूर करून घेऊ शकतो आणि त्यानुसार तोड व पुनर्लागवड करू शकतो. ज्यांना झाडे राखायची आहेत पण अडीनडीला थोडे लाकूडही विकावे लागते, त्यांनी या कायद्याची माहिती वनविभागाच्या कार्यालयातून अवश्य घ्यावी. आमच्या मते हा चांगला कायदा फार थोड्यांना ठाऊक आहे.

येथे झाडतोडीबद्दल दोन शब्द. झाड आपले असले तरी तोडणे आपल्या मर्जीवर नाही. संहितेच्या कलम २४० व २४१ खाली तोडीवर बंधने आहेत, सागासारख्या लाकडाच्या व्यापारावर १९६९ च्या वनोपज कायद्याचे नियंत्रण आहे आणि वाहतुकीचे नियम निराळे. आदिवासी भूमिस्वामींच्या झाडांसाठी तर १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. बस्तरमध्ये 'मालिक मकबुजा' जमिनीवरील साग कवडीमोलाने घेऊन आदिवासींना लुबाडल्याचे प्रकरण गाजले, त्यानंतर तो आला. म्हणून आदिवासी बांधवांकडून जमीन अर्पण करण्याचा प्रस्ताव आला तर कलम १६५ ची बंधने तपासल्याशिवाय आणि कलेक्टर कार्यालयात विचारल्याशिवाय संस्थान तो स्वीकारणार नाही. त्यात कोणाच्या श्रद्धेचा अवमान नाही, हे कृपया समजून घ्यावे.

नगरपालिकेच्या हद्दीतील जमिनीचा हिशेब आणखी वेगळा. पांढुर्णा व सौंसर येथे भू-राजस्वाशिवाय नगरपालिका अधिनियम १९६१ खाली संपत्ती कर येतो. तो वार्षिक भाडेमूल्यावर ठरतो आणि भाडेमूल्याचा आधार आता कलेक्टर गाइडलाइनच्या दराशी जोडलेला आहे. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कार्यासाठी वापरात असलेल्या इमारती व जमिनींना या करातून सूट आहे. 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. मंदिर, त्याचे आवार, धर्मशाळा यांना सूट मिळते. पण आवाराबाहेरचा, कुंपण घातलेला, कोणीही न जाणारा वृक्षांचा तुकडा पूजेच्या वापरात आहे हे दाखवावे लागते. परिक्रमेची वाट त्यातून जात असेल, कार्तिकात आवळीभोजन तेथे होत असेल, तर त्याची छायाचित्रे व कार्यक्रमाच्या नोंदी ठेवाव्यात. दुकाने भाड्याने दिली असतील तर ते भाडे संपूर्णपणे धार्मिक किंवा धर्मादाय कार्यासाठीच खर्च होते, हे हिशेबातून दिसले पाहिजे. खेड्यात १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली ग्रामपंचायतीचा संपत्ती कर व भू-राजस्वावरील उपकर लागतो. तेथे गोंधळ कमी होतो.

आयकराचा मुद्दा दानापूर्वी मालकालाच भेडसावतो. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त, म्हणून रानातील सागही करमुक्त, असे सर्रास समजले जाते. राजा बिनयकुमार साहस रॉय यांच्या १९५७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भेद स्पष्ट केला. जमीन नांगरणे, बी पेरणे, रोपे लावणे अशी मूळ मशागत झाली असेल तर ते शेतीचे उत्पन्न. झाडे आपोआप उगवली आणि मालकाने नुसती राखण व छाटणी केली, तर नव्हे. त्या प्रकरणात लागवडीचा पुरेसा पुरावा होता, म्हणून निकाल मालकाच्या बाजूने गेला. ज्यांनी स्वतः साग लावला आहे त्यांनी रोपवाटिकेच्या पावत्या टाकून देऊ नयेत.

देवाच्या नावावर जमीन झाली की खसऱ्यात काय लिहावे, याविषयी ६ सप्टेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मध्य प्रदेशातीलच आहे. जमिनीचा स्वामी देव. पुजारी हा व्यवस्था पाहणारा, भूमिस्वामी नव्हे, म्हणून मालकीच्या रकान्यात त्याचे नाव नको. आणि जे मंदिर शासनाचे नाही, त्याच्या जमिनीवर कलेक्टरांचे नाव व्यवस्थापक म्हणून लावण्याचेही कारण नाही. आमच्या सर्व जमिनींच्या नोंदी या निकालाप्रमाणे तपासून घेत आहोत. मिळालेली जमीन न्यासाच्या नोंदणीपत्रात चढवावी लागते. सार्वजनिक न्यास अधिनियम १९५१ च्या कलम १४ प्रमाणे ती विकणे, गहाण ठेवणे, किंवा शेतजमीन सात वर्षांहून अधिक व इतर जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देणे हे पंजीयकांच्या पूर्वसंमतीशिवाय होत नाही. दात्यांना याची खात्री असावी म्हणून लिहिले.

ज्यांची जमीन सीमेपलीकडे नरखेड, वरूड, काटोल किंवा सावनेर भागात आहे त्यांना महाराष्ट्राचे कायदे लागतील. तेथे ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने संपादन करणारा कायदा आहे. मात्र केवळ जुनी नोटीस काढली गेली होती एवढ्यावरून जमीन सरकारची झाली असे म्हणता येत नाही, हे ३० जानेवारी २०१४ च्या गोदरेज निकालात ठरले. आणि विदर्भातील झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी वनच मानल्या जातील, असा निर्णय २२ मे २०२५ रोजी झाला आहे. आपल्या 'छोटे झाड'चा हा सख्खा भाऊ. तिकडच्या सातबाऱ्यावर 'झुडपी' शब्द दिसला तर आधी वकिलांना दाखवावा.

यापुढे वृक्षाच्छादित जमिनीचे दान स्वीकारताना संस्थान पुढील कागद पाहील : चालू खसरा व बी-१, नक्शा, मिसल बंदोबस्त व १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल, पट्टा असल्यास मूळ पट्टा, आणि सारा भरल्याच्या पावत्या. जुन्या नकला जिल्ह्याच्या अभिलेखागारातून मिळतात. पांढुर्णा जिल्हा नवा असल्याने त्या छिंदवाड्यास शोधाव्या लागण्याची शक्यता धरून चालावे. नोंद चुकीची आढळली तर संहितेच्या कलम ११५ खाली अनुविभागीय अधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा अर्ज दात्याने स्वतःच्या नावावर जमीन असतानाच करावा. नंतर संस्थानला ते करणे कठीण जाते, कारण जुने जाणते साक्षीदार दात्याच्या घरचे असतात.

नोंद 'जंगल' अशी खरीच असेल आणि दात्याला केवळ झाडे राखायची असतील, तर आधी पट्ट्याची वैधता पाहून, वनविभागाचे मत घेऊन आणि बांधकामाची कोणतीही अपेक्षा न ठेवता ती जमीन देवराई म्हणून स्वीकारण्याचा विचार मंडळ करील. तेथे बोर्ड लागेल, जाळरेषा काढली जाईल, उन्हाळ्यात राखणदार राहील. ओटा मात्र बांधला जाणार नाही.

वर उल्लेख केलेल्या भक्तनिवासासाठी ज्या भाविकांनी देणगी दिली, त्यांची रक्कम स्वतंत्र खात्यात तशीच ठेवलेली आहे. ज्यांना ती परत हवी असेल किंवा अन्नदानाकडे वळवावयाची असेल, त्यांनी मूळ पावती घेऊन कार्यालयीन वेळेत संस्थानच्या कार्यालयात यावे. पावती हरवली असल्यास नाव व देणगीचा महिना सांगितला तरी नोंदवहीतून शोधून देण्यात येईल.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ